मदत हवी आहे: पालखेड कालव्याच्या कडेचा रस्ता सायकलला चालेल का? (नाशिक द्राक्षपट्टा, २४-२५ जानेवारी)

रानवाट_पुणे
येत्या शनिवार-रविवारी निफाड-दिंडोरी भागात सायकल चालवायचीय, सोमवारी २६ ची सुट्टी आहे म्हणजे परतीला एक दिवस हाताशी. हायवे अजिबात नको. बागांमधून जाणारे कच्चे रस्ते, वाटेत जुनी गावं, वाडे, देवळं असं हवंय. मॅपवर पालखेडच्या डाव्या कालव्याच्या कडेनं लांबच लांब रस्ता दिसतो, सॅटेलाइटवर पण स्पष्ट आहे, पण डिसेंबरात तिथेच गेलो तर सातव्या किलोमीटरला चिखलात रुतलो, चाक फिरेना, सायकल खांद्यावर घेऊन अर्धा तास चाललो आणि वर चार पंक्चर. त्या आठवड्यात पावसाचा थेंब नव्हता, मग चिखल आला कुठून? तो रस्ता आता चालू आहे का आणि नसेल तर दुसरा कुठला, एवढंच हवंय. जीपीएक्स फाइल (मोबाइलवर उघडणारी मार्गाची नोंद) असेल तर द्या. 'हायवेनं जा' असं कृपया सांगू नका. गुरुवारी सामान बांधायचंय, लवकर कळवा.

गियर३४
सायकल कुठली? टायर किती एमएमचे? आत ट्यूब की ट्यूबलेस (बिनट्यूबचे)? रोज किती किमी? मुक्काम कुठे? यातलं काहीच लिहिलं नाहीये, मग रस्ता कसा सुचवणार.

मेघना_देवळाली
विंचूरला वाइन पार्क आहे, तिकडे जरूर जा. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं त्यानंतर उभं राहिलं ते. नाशिक व्हॅली वाइनला जीआय (भौगोलिक मानांकन) पण आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला संध्याकाळी टेस्टिंगला बसलं की समोर पाणी आणि सूर्यास्त, फार सुंदर. फक्त शनिवार-रविवारी गर्दी असते तेव्हा आधी बुकिंग करा.

रानवाट_पुणे
ताई, वाइन नाही विचारली हो, रस्ता विचारलाय. गियर३४, हायब्रिड आहे, टायर ३२, ट्यूब. रोज ५०-६० किमी. मुक्काम ओझरला मावशीकडे. पुण्याहून गाडीच्या रॅकवर सायकली आणतोय. आता सांगा.

कादवाकाठचा
माझी बाग निफाड तालुक्यात आहे, पाटापासून दोन शेतं सोडून, म्हणून लिहितो. दादा, तुम्ही अडकलात तेव्हा पाटाला पाणी होतं का ते आठवा. रब्बीचं आवर्तन (पाण्याची पाळी) सुटलं की पाट आठ-पंधरा दिवस भरून वाहतो, भराव जुना आहे, जागोजागी पाझरतो आणि कडेचा रस्ता खालून भिजतो. वरून वाळलेला दिसतो, चाक गेलं की आतला काळा चिखल वर येतो. तो चिखल टायरला चिकटतो, त्याला खडी चिकटते, मग फोर्कमध्ये भरून चाक जाम. पावसाशी त्याचा काही संबंध नाही. सॅटेलाइटवर कोरडा दिसतो कारण फोटो कधीचा आहे ते आपल्याला कळत नाही. आता जायचं असेल तर एकच उपाय, निघायच्या आदल्या दिवशी गावात कुणालाही विचारा, पाटाला पाणी आहे का. पाणी असेल तर पाटाचा नाद सोडा. आणि तो रस्ता पाटबंधारे खात्याचा तपासणीसाठीचा आहे, मध्ये मध्ये गेट आहेत आणि काही ठिकाणी लोकांनी काटेरी फांद्या टाकून बंद केलाय, तुमची चार पंक्चर बहुतेक तिथली.

गियर३४
बरोबर, बाभळीचे काटे. ३२ वर ट्यूब घालून या भागात येऊच नका. ४० चे टायर टाका, ट्यूबलेस करा, प्रत्येक चाकात ६० मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव. गोखरूचे काटे मला जाणवतही नाहीत आता, बारीक फुस्स होतं, चाक दोन वेळा फिरतं, बंद. मोठा काटा असेल तर उपटायचा आणि ते भोक खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवून थांबायचं, सीलंट तिथे जमतं.

जुना_ब्रेव्हे
त्यांच्या हायब्रिडच्या फ्रेममध्ये ४० बसणार आहे का ते आधी विचारा की. बऱ्याच हायब्रिडला ३८ च्या पुढे जागाच नसते. रिम ट्यूबलेसची नसेल तर टेप लावून, कॉम्प्रेसरनं हवा मारून बसवलेला टायर पहिल्या खड्ड्याला रिम सोडतो. निघायला तीन दिवस असताना असला प्रयोग कुणी करू नये. ३५ चे टायर, आत काटे अडवणारी पट्टी, दोन जादा ट्यूब, पॅच, हातपंप. मी ६०० किमीच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकल फेऱ्या) अशाच केल्यात.

गियर३४
ब्रेव्हे डांबरावर होतात दादा. इथे प्रश्न शिवारातल्या वाटांचा आहे.

जुना_ब्रेव्हे
काटा डांबरावरही लागतो. आणि सीलंट वाळलं की वस्तीवर कोण देणार आहे तुम्हाला? ट्यूब निफाडच्या कुठल्याही सायकल दुकानात मिळते, हा मुद्दा आहे.

इतिहासवेडा_७२
पालखेडचा विषय निघालाच आहे तर, १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडलं ती हीच जागा. धरणावर थांबून दोन मिनिटं तो प्रदेश नजरेखालून घाला, निजामाचं पाणी तोडलं म्हणजे काय केलं ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

सिन्नरकर
नाही हो, ते पालखेड वेगळं. लढाईचं पालखेड वैजापूर तालुक्यात, पलीकडे संभाजीनगर जिल्ह्यात. हे धरण दिंडोरी तालुक्यात कादवा नदीवर आहे. नाव सारखं म्हणून ही चूक नेहमी होते. आणि जुनं काही बघायचंच असेल तर ओझर-निफाड कशाला, सरळ सिन्नरला या. गोंदेश्वर. यादवांच्या काळातलं, भूमिज शैलीतलं, पंचायतन, मधलं मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान. सकाळी सातला कोवळं ऊन शिखरावर येतं तेव्हा बेसाल्टचा काळा दगड तपकिरी दिसायला लागतो, शिखरावरच्या छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकेक करून उजळतात. नाशिकहून तीसेक किलोमीटर फक्त.

रानवाट_पुणे
गोंदेश्वर बघितलंय, अप्रतिम आहे, पण तिथे जायचं म्हणजे पुणे हायवे, आणि मला सुरुवातीलाच लिहिल्यासारखं हायवे नकोय. माझ्यासोबत मुलगी आहे, तिला ट्रकच्या बाजूनं न्यायचं नाहीये.

जुना_ब्रेव्हे
मुलगी? किती वर्षांची? हे आधी सांगायचं ना!

रानवाट_पुणे
चौदा. गेल्या वर्षभर रविवारी माझ्याबरोबर ३०-३५ करते. तिची एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल) आहे, २६ इंची, टायर २.१ इंच. तिचं काही अडणार नाही म्हणून लिहिलं नव्हतं. डिसेंबरातही ती होती. चिखलात तिची सायकल निघाली, माझीच अडकली.

कादवाकाठचा
मग दोन दिवसांत १२० करू नका. पहिल्या दिवशी ४५ आणि दुसऱ्या दिवशी ३० पुरे. पोरीची सायकल या भागाला बरोबर आहे, तुम्हीच टायर बदला.

रस्ता सांगतो. शनिवारी ओझरहून दीक्षी, कसबे सुकेणे. हे गावागावांतले रस्ते आहेत, थोडं डांबर थोडी खडी, दोन्ही बाजूंना बागा. सुकेण्याहून चांदोरीला उतरा. तिथे संभाजीनगर हायवे आडवा येतो तो फक्त ओलांडायचा, पोरीला आधी उतरवून सायकल हातात धरून ओलांडा. चांदोरी म्हणजे पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे, त्यांचं गाव. गोदावरीचं पाणी उतरलेलं असेल तर पात्रातली जुनी देवळं उघडी पडतात, घाटावर बसून बघा. मग पूल ओलांडून सायखेडा. तिथे जेवा आणि त्याच वाटेनं माघारी. दम शिल्लक असेल तर पुढे चापडगाव किंवा खाणगाव थडीपर्यंत जा, गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे आणि नांदूर मधमेश्वरचा पाणथळ भाग, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. जानेवारीत थंडीचे पाहुणे पक्षी असतात. पण मग ओझरला परत फिरू नका, निफाडला मुक्काम करा किंवा मावशींकडून गाडी मागवा.

रविवारी ओझरहून जानोरी, मोहाडी. तिकडच्या माळावर मुरूम आहे, चाक रुतत नाही, तुमच्या कच्च्या रस्त्यावरच्या सायकलिंगची खरी मजा तिथेच.

आता माझी एक विनंती. सध्या द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरतंय, म्हणजे मणी पिकायला लागलेत. बागेच्या कडेच्या कच्च्या वाटेवरून वेगानं गेलात की धूळ उडते आणि घडावर बसते. ती आम्हाला धुता येत नाही, धुतली तर मण्यावरचा पांढुरका थर जातो आणि एक्स्पोर्टचा माल बाद होतो. म्हणून रस्त्याकडेच्या बागांना आम्ही नेट लावतो. नेट दिसली की हळू जा. पहाटे आणि संध्याकाळी भुरी रोगासाठी फवारणी चालते, ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र) दिसला की वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा, ट्रॅक्टर पुढे जाऊ द्या. घड तोडू नका, मागा, कुणीही देईल.

मेघना_देवळाली
वस्त्यांवरची कुत्री पण सांगा. मुलगी घाबरून जोरात पॅडल मारेल तर ती मागे लागतात. उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवायची आणि चालत पुढे जायचं. वस्तीतलं माणूस हाक मारेपर्यंतच त्रास असतो. माझ्या भाच्याबरोबर हेच झालं होतं म्हणून लिहितेय.

गियर३४
निफाडला जानेवारीत पहाटे ५-६ अंशांपर्यंत उतरतं. हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या. आठच्या आधी निघू नका. आणि ठीक आहे, ३५ चे टायर आणि ट्यूब चालेल या वेळी. वजन ७० च्या आसपास असेल तर हवा ५० पीएसआय, त्याहून कडक नको, खडीवर हात बधिर होतात.

रानवाट_पुणे
टायर आजच बदलले, ३५ व्यवस्थित बसले, दोन्ही बाजूंना बोट जातंय. कादवाकाठचा दादा, फार उपकार झाले. मावशीला फोन करून पाटाचं विचारलं, कालपासून पाणी सोडलंय म्हणे. पाट रद्द.

इतिहासवेडा_७२
सिन्नरकर बरोबर, लढाईचं पालखेड वैजापूरचंच. चूक दुरुस्त करून घेतली.

रानवाट_पुणे
शनिवार रात्र, ओझर. सायखेड्यापर्यंत जाऊन आलो, ४८ किमी. एक पंक्चर, माझं, सुकेण्याच्या अलीकडे, गोखरू. चांदोरीला एकाच देवळाचा कळस पाण्याबाहेर होता आणि त्यावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला, मुलगी तिथून वीस मिनिटं हलेना. एका बागेशी नेट दिसली म्हणून उतरून चालत गेलो तर आतल्या आजींनी हाक मारून थांबवलं आणि तिच्या ओंजळीत सोनाका द्राक्षांचा घड ठेवला, अजून थोडा आंबट होता पण तिनं सगळा खाल्ला. उद्या मोहाडी. दादा, तिकडे सकाळी चहा कुठे मिळेल?

कादवाकाठचा
जानोरीच्या चौकात मिळेल. पण मोहाडीच्या पुढे डावीकडे पाणंद लागते ती घेऊ नका, परवा तिथे जेसीबीनं चारी खोदलीय. सरळच जा.