पायांवरचे केस काढल्याशिवाय रेसर होता येत नाही का?

घाटवेडा: आमच्या पहाटेच्या सायकल ग्रुपमध्ये कॉलेजचा एक मुलगा नवा आलाय. जुन्या रेसरने त्याला सगळ्यांदेखत ऐकवलं, "आधी पाय साफ कर, मग स्टार्ट लाइनवर ये." तेव्हापासून तो फुल पॅन्ट घालून सायकल चालवतो. चाळीतलं घर, एकच मोरी, वडील विचारणार हे काय चाललंय. हा दबाव मला साफ नामंजूर आहे. व्यावसायिक सायकलपटू पीटर सागान २०१६ चा हंगाम सुरू झाला तेव्हा केसाळ पायांनीच उतरला होता, आणि त्याच वर्षी पुन्हा जगज्जेता झाला.

दादरचा स्प्रिंटर: सागान तेव्हा आधीच जगज्जेता होता, त्याला कोण बोलणार? पाम बीच रोडला ओल्या वळणावर मी घसरलो, नडगीपासून मांडीपर्यंत सालटं निघालं. जखमेत बारीक खडी आणि केस एकमेकांत चिकटलेले. दर ड्रेसिंगला चिकटपट्टीबरोबर केस उपटून यायचे, डोळ्यांतून पाणी काढलं त्यांनी. मालिशचंही तेच, पोटऱ्या रगडताना केस ओढले जाऊन पुरळ उठतं. शिवाय स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने २०१४ मध्ये केस काढलेले पाय विंड टनेलमध्ये (वाऱ्याचा झोत सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्यात) तपासले तेव्हा हवेचा रोध सुमारे ७% कमी भरला.

ठाणेकर: सायकली विकणाऱ्या कंपनीची चाचणी, तीही मोजक्या रायडर्सवर. १९८७ मध्ये सायकलवरच्या हवेच्या रोधाचे अभ्यासक चेस्टर काइल यांना फरक जेमतेम ०.६% मिळाला होता.

परळची सिस्टर: मी सर्जरी वॉर्डात काम करते. ऑपरेशनआधी आम्ही ब्लेड लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचना स्पष्ट आहेत: केस काढावेच लागले तर क्लिपरने, म्हणजे ट्रिमरसारख्या केस कातरणाऱ्या यंत्राने. ब्लेडने न दिसणाऱ्या चिरा पडतात. आपल्या दमट हवेत त्यावर घामाने भिजलेली घट्ट शॉर्ट्स, पावसाळ्यात रस्त्याचं घाण पाणी. रेसच्या आदल्या रात्री पायाला ब्लेड लावणाऱ्यांची मला काळजी वाटते.

दादरचा स्प्रिंटर: सिस्टर, ट्रिमरचं मान्य. पण पाय साफ करणं म्हणजे आता मी मनापासून उतरलोय असं इतरांना कळवणं, ते सोडवत नाही.

घाटवेडा: ते चढावर कळू दे ना! मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटांचा राजा' बोरघाटात ठरायचा, कुणी पाय तपासून नाही. रविवारी त्या मुलाला पायांवरून कुणी बोलायचं नाही, असं मी ग्रुपवर लिहिणार आहे.

दादरचा स्प्रिंटर: लिहा, दादा. ड्रेसिंगचं मात्र मी त्याला बाजूला घेऊन सांगणारच.