दांडिया बाजार, वडोदरा: नळाला पहिली दहा मिनिटं गटाराचा वास

वाड्यातली सून:
आमच्या वाड्यात नळ सकाळी साडेसहाला येतो, जेमतेम पाऊण तास. पंधरवडा झाला, पहिली दहा मिनिटं पाणी मातकट, वर गटाराचा वास. जिन्याखालच्या बिऱ्हाडातल्या दोन्ही मुलांना कावीळ झालीये. सासूबाई म्हणतात, "तुरटी फिरव, आमचा जन्म गेला त्यावर." प्यायला आरओ आहे, पण दात घासणं, कोथिंबीर धुणं टाकीच्याच पाण्यात. काय करू?

रावपुऱ्याचा:
कुणी लायनीला थेट मोटर लावलीये का? आमच्या गल्लीत तेच निघालं होतं.

निवृत्त केमिस्ट:
पाणी आजवा तलावाचं असो की मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच वेलचं, म्हणजे विहिरींचं, घोटाळा बहुतेक वाटेत होतो. नळ गेला की लायनीतला दाब जातो, आणि जिथे चीर असेल तिथून शेजारचं गटार आत झिरपतं. मोटर ओढत असली तर विचारूच नका. म्हणून वास पहिल्या पाण्याला.

तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. क्लोरीन तपासायचं ओटी (ऑर्थोटोलिडीन) किट आणा. पाणी टाकीतलं नको, थेट नळाचं घ्या. थेंब टाकल्यावर पिवळं दिसायला हवं, किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर. तोवर पाणी खळखळून उकळा, दातांनाही तेच वापरा. घरात कुणी गरोदर असेल तर फारच जपा.

एक खटकतंय. काविळीचे विषाणू पोटात गेल्यावर डोळे पिवळे व्हायला दोन आठवडे ते दोन महिने लागतात. मुलांना याच पाण्याने झाली असेल तर बहुधा तुम्हाला वास यायच्या आधीपासून गळतंय.

वाड्यातली सून:
काका, पहिल्या बादलीला रंगच आला नाही! पंधराव्या मिनिटाला फिकट पिवळा.

प्लंबरने मोरीबाहेरची फरशी उचलली. आमची जोडणी चक्क गटारातून आडवी गेलेली. लोखंडी पाइपाला बोट जाईल एवढं भोक, त्यावर कुणी कधीकाळी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, कुजून लोंबत होती. मला मळमळलंच. नवा पाइप भिंतीवरून, गटाराच्या वरून नेलाय. टाकी उपसून घासली, ब्लीचिंगच्या पाण्याने धुतली.

आणि रावपुऱ्याचे भाऊ, मोटर होती. आमचीच. सासऱ्यांनी बसवलेली, म्हणून सासूबाई अजून काढू देत नाहीयेत.