रिटर्न पंप: साधा एसी पुरतो की डीसीच हवा?

खारट (धागाकर्ता)

रीफ टँक (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) मांडायला निघालेला माणूस दिव्यांचा अभ्यास करतो, स्किमरवर (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्रावर) वाद घालतो, आणि रिटर्न पंपाशी आला की कुणीतरी त्याला सांगतं, "डीसी घे, एसीचा जमाना गेला." तोही निमूट घेतो. (एसी म्हणजे थेट घरच्या विजेवर एकाच वेगाने चालणारा पंप, डीसी म्हणजे कंट्रोलरने वेग बदलता येणारा.) मला हा सल्ला पटत नाही.

रिटर्नचं काम काय? ओव्हरफ्लोतून (काठाजवळच्या निचऱ्यातून) संपमध्ये (टँकखालच्या टाकीत) उतरलेलं पाणी परत वर टाकायचं. चोवीस तास, एकाच वेगाने. टँकमधली लाट, उलटसुलट प्रवाह हे वेव्हमेकरचं (टँकमध्येच प्रवाह खेळवणाऱ्या छोट्या पंपाचं) खातं. पूर्वी धड वेव्हमेकर मिळत नव्हते तेव्हा सगळी ढवळाढवळ रिटर्नकडूनच करून घ्यायचे, त्यातून "तासाला टँकच्या दहापट" हा हिशेब रूढ झाला. आता तीन ते पाचपट फिरलं तरी स्किमरला आणि हीटरला पुरतं. 300 लिटरच्या टँकला तासाला साधारण 1200 लिटर, तेही वर पोचलेलं.

एसी पंपात हलणारी वस्तू एकच: चुंबकाचा रोटर आणि त्याला जोडलेला इम्पेलर (पाणी ढकलणारी पाती). कॉइल इपॉक्सीत गाडलेली. डीसीमध्ये अॅडॉप्टर, कंट्रोलर, मधली केबल आणि मग पंप. चौघांपैकी एकाने जरी मान टाकली तरी पाणी थांबतं. एकाच वेगाने चालवायच्या यंत्राला वेग बदलायची सोय कशाला हवी, हे मला कुणीतरी समजावून सांगा. साधा एसी घ्या, वाचलेल्या पैशांतून एक सुटा इम्पेलर आणून कपाटात ठेवा.

शांतसागर

साफ असहमत.

"एकाच वेगाने" हेच मुळात खरं नाही. मासे आणि कोरल यांना खाऊ घालताना दहा मिनिटं रिटर्न थांबवावा लागतो, नाहीतर सगळं खाणं ओव्हरफ्लोतून फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत). डीसीवर एक बटण दाबलं की पंप थांबतो आणि वेळ संपली की आपोआप चालू होतो. एसीचा प्लग काढणारे आपण सगळेच, आणि तो परत लावायचं विसरणारेही आपणच.

दुसरं, कोरडं पडणं. बाष्पीभवनाने कमी होणारी पातळी संपच्या रिटर्न कप्प्यातच दिसते. ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याची भर आपोआप घालणारं यंत्र) बिघडला की पहिला कोरडा पडतो तो हाच पंप. बऱ्याच डीसी पंपांना पाणी संपलेलं कळतं, ते स्वतःहून थांबतात. एसी बिचारा हवेत फिरत राहतो, पाण्यावाचून शाफ्ट तापतो, रोटरभोवतीचं प्लॅस्टिक वितळतं.

तिसरं, वीज. पंपाचा वेग आणि त्याला लागणारी शक्ती यांचं नातं घनाचं आहे. वेग 80 टक्के केला तर शक्ती जवळपास 51 टक्क्यांवर येते. 20 वॉटचा फरक पडला तरी वर्षाला 175 युनिट होतात. शिवाय पाण्यात बुडवलेल्या पंपाची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. उन्हाळ्यात तीच उष्णता चिलरने बाहेर काढायची, त्याची वीज वेगळी. सुरुवातीला स्वस्त पडलेला पंप पुढे किती खातो, तेही तुमच्या हिशेबात येऊ द्या.

आणि आवाज! एसीची ती बारीक गुणगुण बैठकीच्या खोलीत ऐकून बघा.

उपसा

दोघंही डब्यावरच्या आकड्यांनी भांडताय, म्हणून मध्ये पडतो.

डब्यावरचे "लिटर प्रति तास" हे उंची शून्य असतानाचे असतात. "कमाल उंची" म्हणजे जिथे पंप फिरतो पण थेंबही बाहेर पडत नाही ती. आपलं टँक या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतं. समजा पंप 2700 लिटर आणि 3 मीटरचा आहे. संपमधल्या पाण्याच्या पातळीपासून टँकमधल्या पाण्यापर्यंत 1.2 मीटर. आलेख सरळ रेषेत धरला (खरा थोडा फुगीर असतो, पण अंदाजाला चालेल) तर 1620 लिटर मिळतील. त्यातून कोपरे, व्हॉल्व्ह आणि पाइप आपापला वाटा घेतात. खारट म्हणतात त्या 1200 च्या आसपास येऊन थांबलो.

आता शांतसागरांचा 80 टक्क्यांचा हिशेब. शक्ती घनाने उतरते हे बरोबर, पण उंचीही वर्गाने उतरते, ते सांगायचं राहिलं. 80 टक्के वेगाला 3 मीटरचा पंप 1.92 मीटरचा होतो. उचलायची उंची मात्र तीच 1.2 मीटर. त्याच सरळ रेषेवर प्रवाह 1620 वरून 810 वर येतो. वेग पाचव्या हिश्श्याने कमी केला आणि पाणी निम्मं झालं. म्हणून "मोठा डीसी घेऊन हळू चालवू" म्हणणाऱ्यांनी आधी त्याची उंची किती ते बघावं. कमी उंचीचा मोठा पंप हळू चालवला तर एका टप्प्यानंतर तो पाणी नुसतं घुसळत बसतो.

पाइपकडे तर कुणी बघतच नाही. तेवढंच पाणी 20 मिलिमीटरऐवजी 25 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपातून नेलं तर घर्षण साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. पंपाच्या तोंडाला बारीक नळी बसते म्हणून तीच वरपर्यंत नेतात, आणि मग "पंपात दम नाही" म्हणून ओरड.

भरती_ओहोटी

उपसा +१. यात एक भर. काही पंपांवरचे आकडे 60 हर्ट्झचे असतात. एसी पंपाचा रोटर विजेच्या वारंवारतेशी बांधलेला असतो. 60 हर्ट्झला मिनिटाला 3600 फेरे, 50 हर्ट्झला 3000. घरात 50 हर्ट्झ असेल तर डब्यावरचं पाणी विसरा.

खारट (धागाकर्ता)

उपसा, माझी बाजू तुम्हीच भक्कम केलीत. डीसीचा वेग थोडाच कमी करता येणार असेल तर विजेची बचत ती केवढी? मला पाणी कमी करायचं असेल तर मी एसीच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला व्हॉल्व्ह लावतो. अशा पंपाला पुढून आवळलं तर तो वीज कमीच घेतो, त्याला इजा होत नाही. फक्त आत येणाऱ्या बाजूला कधी आवळू नये, तिथे पाणी अपुरं पडून इम्पेलरजवळ पोकळ बुडबुडे होतात आणि पंप खडखडतो.

गुणगुणीवर उपाय: पंप सिलिकॉनच्या मऊ पॅडवर ठेवा, कडक पाइपाला जोडण्याआधी वीतभर मऊ सिलिकॉन नळी घाला. आवाज बहुतेक वेळा पंपाचा नसतो, संपच्या काचेचा असतो.

आणि जाता जाता, डीसी पंपाच्या पोटातही रोटर चुंबकाचाच आहे. त्याच्यापुढची उलटसुलट वीज कंट्रोलर तयार करतो, एवढाच फरक. म्हणजे मीठ, चुना, झीज सगळं तेच, वर सर्किट बोर्ड. तोही खाऱ्या दमट कपाटात टांगलेला.

शांतसागर

टांगा ना कपाटाच्या बाहेर! केबल पहिल्यांदा खाली झुकवून मग वर घ्या, म्हणजे ओघळ कंट्रोलरपर्यंत जात नाही. कंट्रोलर मेले की निम्म्या वेळा कारण हेच असतं.

नवा_गडी

मी पहिलंच टँक लावतोय, 250 लिटरचं. तुमचा वाद वाचून डोकं गरगरतंय. खिसा मर्यादित आहे. कंपन्यांची नावं सगळे घेतात: एहाइम, सिचे, जेबाओ, व्हेक्ट्रा. विकत घेताना नक्की बघायचं काय ते सांगाल का?

चुनखडी

कंपनीच्या आधी एक प्रश्न विचार: याचा इम्पेलर सुटा मिळतो का? मिळत नसेल तर पुढचं बोलणंच नको. डीसी असेल तर कंट्रोलर आणि अॅडॉप्टर सुटे मिळतात का, तेही विचार. शाफ्ट सिरॅमिकचा हवा. नुसतं "गोड्या पाण्यासाठी" लिहिलेला बागेतल्या कारंज्याचा पंप नको, त्यातला धातू खाऱ्या पाण्यात गंजतो, आणि तांबं सुटलं तर कोरल, कोळंबी, गोगलगायी कुणीच वाचत नाही.

नावांबद्दल थोडंसं. एहाइमचा 1262 हा जर्मन पंप रीफवाल्यांत फार जुना. 3400 लिटर, 3.6 मीटर. वीज आजच्या मानाने जास्त खातो, पण उघडून साफ करायला सोपा. इटलीच्या सिचेचा सिंक्रा त्याच जातीचा, त्याचे वेगवेगळे आकार मिळतात, तुझ्या टँकला मधला कुठलातरी बसेल. जेबाओ चिनी, स्वस्त डीसी म्हटलं की पहिलं नाव हेच निघतं. त्यांच्या डीसीपी मालिकेत नावातला आकडा म्हणजे शून्य उंचीचे लिटर, तो वर पोचणारं पाणी समजू नकोस. व्हेक्ट्रा अमेरिकेतल्या इकोटेकचा, डीसी, वरच्या किमतीचा. पहिल्या टँकला तेवढं लागत नाही असं माझं मत, रागवा हवं तर.

आता माझा खरा मुद्दा. एसी मरतो की डीसी मरतो यावर इथे रक्त आटवताय, पण "मेला" म्हणून टाकलेले कित्येक पंप मेलेले नसतात, चुन्याने धरलेले असतात. आपण पाण्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी मुद्दाम चढी ठेवतो. पंपाच्या आत ऊब असते, तिथे कॅल्शियम कार्बोनेट बसतं. काल्कवासर (चुन्याची निवळी) घालणाऱ्यांकडे तर लवकरच. इम्पेलर चालू असतो तोवर फिरत राहतो. वीज गेली, पंप थांबला, वीज आली की जागच्या जागी गुरगुरतो. दर तीन-चार महिन्यांनी पंप पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात किंवा सायट्रिक अॅसिडमध्ये बुडवून चालवायचा, इम्पेलर काढून ब्रशने घासायचा, गोड्या पाण्याने धुवायचा. रोटरचं आवरण तडकलेलं दिसलं तर तो रोटर परत बसवू नये. आतलं चुंबक गंजतं, फुगतं, आणि मग तो बाहेरही निघत नाही.

शांतसागर

चुनखडी, बाकी सगळं मान्य. फक्त वीज आल्यावर गुरगुरण्याचा मुद्दा माझ्या पारड्यात टाका. चांगला कंट्रोलर अडकलेल्या रोटरला पुन्हा पुन्हा ढकलून बघतो, नाही जमलं तर गजर करतो. एसी कुणाला काही सांगत नाही, कॉइल तापत राहते.

दोन_संप

कुणीच बोललं नाही म्हणून: एका मोठ्याऐवजी दोन छोटे एसी का नाही? एक थांबला तरी दुसरा टँक जगवतो. स्वस्तातला विमा.

उपसा

कल्पना छान, पण "छोटे" या शब्दात गोम आहे. पाणी दोघांत वाटलं जातं, उंची वाटली जात नाही. प्रत्येकाला 1.2 मीटर एकट्यानेच चढायचंय, आणि छोट्या पंपांची कमाल उंचीच मुळात दीड मीटर वगैरे असते. तिथे पोचेपर्यंत नुसती बारीक धार उरते. शिवाय दोघांना वेगळे पाइप हवेत. एकाच पाइपात जोडले तर बंद पडलेल्या पंपातून पाणी खाली परततं.

दोन_संप

मग दोन मध्यम घेऊ, पाइप वेगळे. जागा लागते हे मान्य, वीजही थोडी जास्त जाते. तरी सुट्टीवर गेल्यावर झोप येते, तिचा भाव कुठल्या तक्त्यात लिहिणार?

भरती_ओहोटी

सुट्टीचा विषय निघालाय तर पंप थांबल्यावर काय होतं तेही बोलू, कारण पंप एसी असो की डीसी, वीज जायचीच. रिटर्नचं टोक पाण्यात जितकं खोल, तितकं पाणी सायफनने संपमध्ये उतरतं. संपमध्ये तेवढी जागा रिकामी हवी. चेक व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं न येऊ देणाऱ्या झडपेच्या) भरवशावर राहू नका, एखादी गोगलगाय किंवा मिठाचा खडा त्यात अडकला की तो अर्धा उघडाच राहतो. टोक पृष्ठभागाजवळ ठेवा, आणि पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडा, तिथून हवा शिरली की सायफन तुटतो. भोक अधूनमधून टोकरून साफ करावं लागतं, शेवाळ बुजवतं.

उलट बाजूही बघा. ओव्हरफ्लो तुंबला आणि पंप चालूच राहिला तर रिटर्न कप्प्यात असेल तेवढं सगळं पाणी वर जातं. ते टँकच्या काठापर्यंतच्या मोकळ्या जागेत मावायला हवं. पंप मोठा असेल तर पूर लवकर येईल, कप्पा मोठा असेल तर जास्त येईल.

आणि हीटर संपमध्ये असतो. वीज आहे पण पंप तेवढा बंद पडलाय, अशा वेळी संपमधलं पाणी वर जातच नाही. टँक थंड होतं आणि टँकमध्ये तापमापक टाकून निर्धास्त बसलेला तापमानाचा कंट्रोलर हीटर चालूच ठेवतो. खाली रसम. तापमापक हीटरच्या कप्प्यातही हवा.

खारट (धागाकर्ता)

हे उत्तम. आणि बॅटरी बॅकअपवर रिटर्न लावू नये असं माझं मत. पाच-सात वॉटचा वेव्हमेकर पृष्ठभाग हलवत राहिला तर ऑक्सिजन मिळतो, त्याच बॅटरीत तो कितीतरी जास्त तास चालतो.

डीसीबद्दल माझं मत तेच आहे. कोरडं पडल्यावर थांबण्याचा गुण मात्र मोलाचा, ते नाकारत नाही. एसीवाल्यांनी रिटर्न कप्प्यात साधा फ्लोट स्विच (पाणी उतरलं की वीज तोडणारा तरंगता स्विच) लावून ती सोय करून घ्यावी.

शांतसागर

म्हणजे स्विच, त्याची वायर, त्याचा रिले. मोजा आता तुमच्या "एकाच हलणाऱ्या भागा"त किती भर पडली ते. :)

नवा_गडी

सगळ्यांचे आभार. सध्या मध्यम एसी, सुटा इम्पेलर, 25 मिलिमीटरचा पाइप आणि पुढच्या बाजूला व्हॉल्व्ह असं ठरतंय. शांतसागर, रागावू नका, पुढच्या टँकला डीसी बघतो. एकच शंका: वर खरंच किती पाणी पोचतंय ते कळणार कसं?

उपसा

रिटर्नचं टोक बादलीत सोड, नेहमीच्याच उंचीवर धरून. 10 लिटर भरायला किती सेकंद लागतात ते बघ आणि 36000 ला त्या सेकंदांनी भाग. 30 सेकंद लागले तर तासाला 1200 लिटर. तुझ्या 250 लिटरला 36 सेकंद लागले तरी चौपट होतात. बादली भरतेय तोवर संपची पातळी उतरत जाते, म्हणून तेवढा वेळ टॉप-ऑफ बंद ठेव, नाहीतर तो गोडं पाणी ओतत बसेल. आणि आजचा आकडा कुठेतरी लिहून ठेव. दोन-तीन महिन्यांनी परत मोज. सेकंद वाढलेले दिसले की चुनखडींचं व्हिनेगर काढायची वेळ झाली.