पँट्रिज, गेडीस आणि ७० किलोचं यंत्र: फलकासाठी माहिती हवी

दाभोळखाडी: जागतिक हृदय दिनाला, २९ सप्टेंबरला, गावच्या वाचनालयात फ्रँक पँट्रिज यांच्यावर फलक लावायचा आहे. मसुद्यात 'अमेरिकेत स्थायिक झालेले आयरिश हृदयतज्ज्ञ, फिरत्या डिफिब्रिलेटरचे जनक' असं लिहिलंय (डिफिब्रिलेटर म्हणजे थरथरणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र). बरोबर आहे का? मोठं रुग्णालय गाडीने तासाभरावर आहे आणि ग्रामपंचायत एईडी (हृदय स्वतः तपासून झटका देणारं छोटं डिफिब्रिलेटर) घ्यायचा विचार करतेय. म्हणून फलकाच्या खालच्या भागात गावाला उपयोगी पडेल असंही काही लिहायचं आहे.

केतकीबन: 'अमेरिकेत स्थायिक' काढून टाका. पँट्रिज ३ ऑक्टोबर १९१६ रोजी काउंटी डाउनमधल्या हिल्सबरोला जन्मले. १९२१च्या फाळणीनंतर काउंटी डाउन उत्तर आयर्लंडमध्ये आलं, म्हणून 'उत्तर आयर्लंडचे' लिहिलंत तरी चालेल. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातून १९३९ला डॉक्टर झाले आणि लगेच युद्धावर गेले. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत सापडले आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या छावण्यांत राहिले. तिथे त्यांना हृदयाचा बेरीबेरी झाला, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाअभावी हृदयच थकतं. (पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळात हे जीवनसत्त्व फारसं उरत नाही, आपल्या उकड्या तांदळात बरंच टिकतं. फलकावर ही ओळ जरूर घ्या, लोक थांबून वाचतील.)

युद्धानंतर शिष्यवृत्तीवर ते मिशिगनला गेले आणि ईसीजीतले जाणकार फ्रँक विल्सन यांच्याकडे शिकले. पण १९५०ला परत आले आणि १९८२पर्यंत बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयातच राहिले. देश सोडला तो त्यांच्या तरुण सहकाऱ्याने, जॉन गेडीस यांनी. ते पुढे कॅनडात विनिपेगला गेले. स्थलांतरित आयरिश हृदयतज्ज्ञ म्हणायचं तर ते गेडीस, आणि त्यांचं नाव फलकावर हवंच. १९६७च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला प्रसिद्ध लेख दोघांचा आहे. फिरत्या पथकाने पंधरा महिन्यांत ३१२ रुग्ण पाहिले, आणताना वाटेत एकही दगावला नाही. दहा जणांचं हृदय बंद पडलं होतं. दहाही जणांना तेव्हा वाचवता आलं आणि त्यांतले पाच पुढे बरे होऊन घरी गेले.

मचवा: यंत्राबद्दल थोडं. तोवरचे डिफिब्रिलेटर भिंतीतल्या विजेवर चालत. हृदयविकाराचे बरेचसे बळी पहिल्या तासा-दोन तासांत, रुग्णालयाबाहेरच जातात, तेव्हा वॉर्डातलं यंत्र त्यांच्या काय कामाचं, हा पँट्रिज यांचा मुद्दा. त्यांनी १२ व्होल्टच्या दोन मोटारीच्या बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि डिफिब्रिलेटर अशी मोट बांधली. वजन भरलं ७० किलो. १ जानेवारी १९६६पासून पथक सुरू झालं. अंतराळ मोहिमांसाठी बनवलेला लहान कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) मिळाल्यावर १९६८पर्यंत वजन ३ किलोवर आलं.

सगळी किमया त्या कपॅसिटरची. ऊर्जा = अर्धा × धारिता × व्होल्टेजचा वर्ग. ३२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५,००० व्होल्टला भरला की ४०० ज्यूल साठतात, आणि ते काही सहस्रांश सेकंदांत छातीतून सोडायचे. आजची यंत्रं दोन दिशांनी झटका देतात, म्हणून १२० ते २०० ज्यूल पुरतात. मात्र झटका लागू पडतो तो हृदय नुसतं थरथरत असेल तेव्हाच. ईसीजीची रेघ सपाट झाली की झटक्याचा उपयोग नाही. दाबन (छाती दाबत राहणं) चालू नसेल तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते.

केतकीबन: खालच्या भागासाठी: छातीत कळ, घाम, डावा हात किंवा जबडा दुखतोय, तर 'गॅस असेल' म्हणून कोकमाचं पाणी पाजत बसू नये. १०८ला फोन करून 'छातीत दुखतंय' हे शब्द स्पष्ट सांगावेत. अॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावायला द्यावी. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं.

मचवा: आणि एईडी किनाऱ्यावर कशाने दगा देतं तेही लिहा. ओल्या छातीवर झटका देणारं पॅड चिकटत नाही आणि वीज कातडीवरूनच वाहून जाते. आधी पंचाने छाती कोरडी करा. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली. मंगळसूत्र, साखळी बाजूला सारा. यंत्र हृदयाची लय तपासत असताना होडीचं इंजिन किंवा गाडी थांबवा, हादऱ्यांनी ते चुकीचं वाचतं. बुडालेल्याला आधी पाच श्वास द्या, मग दाबन. त्याच्यात मूळ अडचण प्राणवायू न मिळण्याची असते.

पॅडवरची जेल सुकते, म्हणून मुदत बघून बदला. यंत्र टपरीच्या पत्र्याखाली तापू देऊ नका आणि कुलूप लावून ठेवू नका. यंत्र तयार असल्याचा हिरवा दिवा रोज बघायला एक माणूस नेमा.

लाल_चिरा: बाहेरून येऊन कोकणात हृदयाचं काम केलेलं आपलं नावही जोडता येईल. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, मूळ जालना जिल्ह्यातले. लाल विंचवाच्या विषाने रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. त्यावर त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरात आणलं. २०२२ला पद्मश्री.

दाभोळखाडी: 'स्थायिक' काढलं, गेडीस आणि उकडा तांदूळ घेतला. बावस्करांचा वेगळा फलक करतो. यंत्र जेट्टीवर ठेवावं की पंचायतीत?

मचवा: पंचायत संध्याकाळी बंद होते. जेट्टीजवळचं रात्रंदिवस उघडं, छपराखालचं, सावलीतलं ठिकाण शोधा. धावत जाऊन तीन मिनिटांत यंत्र घेऊन परतता आलं पाहिजे.