मदत हवी आहे: केमो सुरू असलेल्या बाबांशी बोलणारं कोणी?

बाबांची केमो नागपूरला सुरू आहे. पहाटेच्या एसटीने घाटंजीहून निघतो, सलाईन संपलं की रात्री परत. भरती नाही, म्हणून निवांत बोलणारं कोणी भेटत नाही. डॉक्टर चांगले, पण ओपीडीतली रांग केवढी!

बाबा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना कधी चुकवली नाही. आता खंजिरी खुंटीला. "म्या कोनाचं काय वाकडं केलं होतं?" एवढंच विचारतात.

पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारात त्रास हलका करणाऱ्या सेवेत, मनाच्या, श्रद्धेच्या दुखण्याकडेही पाहतात आणि ती उपचारांसोबतच घेता येते. नागपूर, सेवाग्राम किंवा यवतमाळला असं बसून ऐकणारं कोणी आहे का? फोनवरही चालेल. अंगारे-धुपारे सुचवू नका, ते गावात भरपूर आहेत. पुढची केमो सोमवारी आहे.