एका बाकावर दोघांना मिळून एकच आडवा बार: बारीक मुलाला बसवावं का?

उंचीपट्टी
मूल उंचीच्या पट्टीला जेमतेम लागतं, अंगाने काटकुळं आहे. रोलर कोस्टरच्या बाकावर दोघांना मिळून एकच आडवा बार. शेजारी दणकट मोठं माणूस बसलं की बार त्याच्या मांडीवर अडतो आणि मुलाच्या मांडीवर चार बोटं जागा उरते. ऑपरेटर बार एकदा दाबतो, अंगठा दाखवतो, पुढे जातो. अशात बसवावं का? शिवाय खांद्यावरून येणारा हार्नेस नुसत्या बारपेक्षा भरवशाचा असतो का? मोठ्या माणसाची मान थोडी दुखरी आहे, म्हणून हेही विचारते.

खटकादार
बसवू नका. चार बोटं जागा आहे म्हणजे त्या मुलापुरता बार नाहीच असं धरा. गाडी उंचवट्यावरून खाली वळताना रूळ तिला खाली ओढतो, अंग मात्र आहे त्या दिशेनेच जाऊ पाहतं, म्हणून आपण सीटवरून उचलले जातो. तेव्हा धरून ठेवतो तो मांडीवर टेकलेला बार. हाताची पकड हिशेबात घ्यायचीच नाही.

उंचीची अट हा बांधा मोजायचा आडमार्ग आहे. उंच पण बारीक मूल त्यातून सहज पास होतं. सारख्या बांध्याची दोघं एका बाकावर बसवा, नाहीतर प्रत्येकाला वेगळा बार असलेली राईड निवडा.

बसायची रीतही महत्त्वाची. खिसे रिकामे करा, कंबर सीटच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत सरकवा, पाय तळाला टेकवा आणि मगच बार ओढा. पुढे सरकून बसलेल्या माणसाने बार ओढला की मागे टेकल्यावर पोकळी तयार होते. बार जांघेजवळ मांडीवर बसला पाहिजे, पोटावर नाही. पोट सुटलेल्या माणसाचा घोटाळा नेमका इथेच होतो: बार पोटाला अडतो, कुलूप लागतं, पण मांडी मोकळी राहते. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डेरियन लेक पार्कमध्ये दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक राईड ऑफ स्टील या कोस्टरवरून पडून मरण पावला. मांडीच्या आधारावर बेतलेला बार पाय नसलेल्या माणसाला धरणार कसा? २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच टेक्सास जायंट या कोस्टरवरून एक महिला पडली. त्यानंतर तिथे बारच्या गाद्या बदलल्या आणि पट्टेही बसवले.

नटबोल्ट
खटकादार यांच्याशी सहमत. बार लागल्याचा जो हिरवा दिवा यंत्रणा दाखवते, त्याबद्दल थोडं. सेन्सर एवढंच सांगतो की बार ठरलेल्या बिंदूच्या खाली आलाय. तुमच्या मांडीला टेकलाय की नाही, हे त्याला कळत नाही. म्हणून तर ऑपरेटरने हाताने दाबून बघायचं असतं. ऑर्लँडोच्या आयकॉन पार्कमध्ये २०२२ साली उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या राईडमधून १४ वर्षांचा मुलगा पडला. त्याच्या सीटचा सेन्सर हाताने सरकवलेला निघाला. हार्नेस नेहमीपेक्षा बराच उघडा असूनही यंत्रणेच्या लेखी बंद होता. त्या सीटला वेगळा पट्टा नव्हता आणि मुलाचं वजन मर्यादेपेक्षा जास्त होतं.

आता हार्नेस की बार. कुलूप दोन्हीत एकाच जातीचं असू शकतं. जुन्या पद्धतीत दातेरी पट्टी आणि खटका असतो, त्यामुळे बार टप्प्याटप्प्याने बसतो आणि टकटक ऐकू येते. हायड्रोलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, कुलूप कुठल्याही बिंदूला थांबतं आणि सहसा दोन सिलिंडर असतात, एक गेला तरी दुसरा धरतो. राईडच्या रचनेसाठीच्या एएसटीएम एफ २२९१ या मानकात राईडच्या झटक्यांनुसार बंधनांचे (बार, हार्नेस वगैरेंचे) पाच वर्ग आहेत. पाचव्या वर्गात एक कुलूप निकामी झालं तरी माणूस सुटणार नाही अशी दुहेरी सोय लागते. चांगल्या बांधणीचा आडवा बार उलट्या फेऱ्यांनाही पुरतो. हार्नेस दिसायला भक्कम, पण कान आणि जबडा त्यावरच आपटतात. दुखऱ्या मानेला बार बरा.

उंचीपट्टी
धन्यवाद. साखळी तुटली किंवा मागून दुसरी गाडी आली तर?

नटबोल्ट
चढावर जी कटकट ऐकू येते ना, ती गाडीखालच्या खटक्यांची. साखळी सुटली तर ते दात्यांत अडकून गाडीला मागे येऊ देत नाहीत. हवेवर चालणारे ब्रेक बहुतेक ठिकाणी स्प्रिंगने बंद राहतात आणि हवेने उघडतात. म्हणजे दाब गेला की ब्रेक लागतोच. चुंबकीय ब्रेकला वीज लागत नाही, पण तो गाडी पूर्ण थांबवत नाही, फक्त वेग कमी करतो. रुळाचे भाग पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढचा ब्लॉक मोकळा होईपर्यंत मागची गाडी यंत्रणाच अडवून ठेवते.

ही यंत्रणा माणूस बाजूला सारतो तेव्हा खरी भीती. २ जून २०१५ ला इंग्लंडच्या आल्टन टॉवर्स पार्कमधल्या स्मायलर या कोस्टरवर एक रिकामी गाडी वाटेतच अडकली. यंत्रणेने मागची १६ जणांची गाडी बरोबर थांबवली होती. रुळावर एक जादा गाडी सोडलीय हे तंत्रज्ञांना ठाऊक नव्हतं. यंत्रणाच चुकतेय असं समजून त्यांनी ती अडवणूक हाताने काढली आणि धडक झाली. दोघींना पाय गमवावा लागला. कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला.

गाडी मधेच थांबली तर बसून राहा. बार स्वतः उघडायचा प्रयत्न नको.

मणकेशास्त्री
मानेबद्दल लिहितो. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ४ जीच्या दाबात, म्हणजे वजन चौपट भासतं तेव्हा, मान जणू १८-२० किलो तोलत असते. म्हणून डोकं मागच्या गादीला टेकलेलं हवं. खाली वाकून बघणं, शेजारच्याकडे वळणं नको. वळण येताना मान सैल सोडू नका. मानेच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झालेली असेल, हाताला मुंग्या येत असतील, गरोदरपण असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर राईड टाळाच.

क्वचित मानेतल्या धमनीचा आतला पदर फाटतो. तसं झालं तर मानेच्या एकाच बाजूला नवीन दुखणं, वेगळीच डोकेदुखी, पापणी उतरणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं अशी लक्षणं दिसतात. काही तासांनी किंवा काही दिवसांनीही येऊ शकतात. यातलं काही दिसलं तर थेट इस्पितळ गाठा आणि कोस्टरमध्ये बसलो होतो हे आवर्जून सांगा, कारण डॉक्टर आपणहून ते विचारतीलच असं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याचं डोकं आपटलं असेल तर आठवड्यांनी सुरू झालेली डोकेदुखीही दुर्लक्षू नये, मेंदूभोवती हळूहळू रक्त साचू शकतं.

खटकादार
सीट निवडायला मिळाली तर मधल्या डब्यातली घ्या. शेवटचा डबा उंचवट्यावरून झटक्याने ओढला जातो, त्यामुळे तिथे अंग जास्त उचललं जातं. चाकांच्या बरोबर वरच्या रांगेत थरथर जास्त. आणि मुलाच्या मांडीवर बार टेकत नसेल तर ऑपरेटरला गाडी सुटायच्या आत, मोठ्याने सांगा. खाली उतरवण्यात त्याचं काही जात नाही.