कमी वजनाचं बाळ आणि टीएसएच 9.2, गोळी लागेल का?

इंदिरानगरची_आई
नमस्कार, मुलगी पाच आठवड्यांची झालीये. नऊ महिने पूर्ण भरून झाली तरी जन्माचं वजन 1 किलो 900 ग्रॅमच, आठव्या महिन्यापासूनच सोनोग्राफीत सांगत होते की वाढ कमी आहे. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं त्यात टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉईड कमी पडला की हे वाढतं) जरा जास्त आला, मग चौथ्या आठवड्यात शिरेतून घेतलं तर 9.2, एफटी4 (खुद्द थायरॉईडचं हार्मोन) नॉर्मल. डॉक्टर म्हणतात दोन आठवड्यांनी परत बघू, आत्ता थायरॉईडची गोळी नको. सासूबाईंचं म्हणणं थायरॉईडमुळेच पोर अंग धरत नाही, गोळी दिली की बाळसं येईल, मला रात्री झोप नाही कारण नेटवर वाचलं की उशीर झाला तर मेंदूवर परिणाम होतो. आजचं वजन 2600. कोणाला अनुभव आहे का?

सातपूरचा_बाबा
ताई आमचा मुलगा आता चार वर्षांचा, त्याला खराखुरा थायरॉईड होता. पण त्याचं जन्माचं वजन 3 किलो 100 होतं, चांगला गुटगुटीत! दिवसभर झोपायचा, रडणं नाही, दूध पिताना पेंगायचा, शी दोन-दोन दिवस नाही, कावीळ तीन आठवडे उतरली नाही. आणि आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो किती गुणी बाळ आहे म्हणून. टीएसएच शंभरच्या वर निघाला, त्याच दिवशी गोळी. तुमची केस वेगळी वाटते.
गोळी लागलीच तर एक ऐका, कुटून चमचाभर आईच्या दुधात द्यायची, अख्ख्या बाटलीत कालवायची नाही. कमी वजनाच्या बाळांना लोहाचे आणि कॅल्शियमचे थेंब देतात ना, ते गोळीसोबत नाही, मधे चारेक तास ठेवायचे, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. आम्हाला हे दोन महिन्यांनी कळलं.

पंचवटी_आजी
बाळाला चिमूटभर मीठ चाटवा, आयोडीन मिळतं. आमच्या वेळी नाभीला पण आयोडीनचं लाल औषध लावायचे.

एनआयसीयू_सिस्टर
आजी रागावू नका पण दोन्ही नको. एवढ्या लहान जीवाला जास्त आयोडीन मिळालं तर थायरॉईड उलट दबतो, नाभीवरून सुद्धा शोषलं जातं. आयोडीन आईच्या पोटातून आणि दुधातून मिळायला हवं, आणि बाळंतिणीला सैंधवच द्यायचं हा आग्रह जिथे आहे तिथे बघा, बहुतेक सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं.
आता ताई तुमचं. जन्मल्यावर अर्ध्या तासात टीएसएच साठ-सत्तरपर्यंत उसळतो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो, म्हणून सॅम्पल 48 तासांनंतर घेतात. पोटात ज्यांना वारेतून पोषण कमी पडलंय त्यांचं शरीर काटकसर करतं, त्यांच्यात टीएसएच जरा चढा दिसू शकतो आणि पुष्कळदा आपसूक खाली येतो. उलटही होतं, अगदी लहान किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळात पहिलं सॅम्पल नॉर्मल येतं आणि टीएसएच नंतर वाढतो, म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरं घ्यायचं असतं, ते टाळू नका.
एफटी4 कमी असेल किंवा टीएसएच 20 च्या वर असेल तर वाट बघायची नसते, लगेच गोळी. 6 ते 20 मधे आणि एफटी4 चांगला असेल तर दोन आठवड्यांनी परत तपासणं हे बरोबरच आहे, काही डॉक्टर गोळी देतात आणि तीन वर्षांनंतर थांबवून बघतात, तेही चुकीचं नाही.
आणि सासूबाईंना सांगा, पोटातली वाढ बाळाच्या थायरॉईडवर फारशी अवलंबून नसते, तिथे इन्सुलिन आणि आयजीएफ (वाढ घडवणारं इन्सुलिनसारखं हार्मोन) काम करतात. वजन कमी म्हणून थायरॉईड असं नाही. थायरॉईडचा वाढीवरचा खरा परिणाम जन्मानंतर, आणि तोही उंचीवर जास्त दिसतो. हिशोब करा ना, पहिले दिवस वजन उतरून भरून यायला गेले असतील, तरी 700 ग्रॅम वाढलेत, म्हणजे रोजचे तीसेक ग्रॅम. पोर अंग धरतंय हो!

इंदिरानगरची_आई
हे मी असं मोजलंच नव्हतं 🙈 बारा दिवसांनी वजन भरून येईल म्हणाले होते आणि तसंच झालं होतं. म्हणजे उंची पण भरून येईल?

एनआयसीयू_सिस्टर
दहातली जवळपास नऊ मुलं दोन वर्षांपर्यंत भरून काढतात. राहिली तर तेव्हा दाखवायचं. पण पावडर, साखरपाणी देऊन ढकलू नका, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधे डॉ. याज्ञिक यांनी दाखवलंय की आपली बाळं वजनाने हलकी पण चरबीने पुढे असतात, भराभर वजन चढवलं तर पुढे मधुमेहाची भीती. अंगावरचं दूध, उघड्या छातीवर घेणं, बास.

इंदिरानगरची_आई
अपडेट, तेरा दिवसांनी. टीएसएच 5.8, एफटी4 नॉर्मल, गोळी नाही, तीन महिन्यांची झाली की अजून एकदा. वजन 2 किलो 970. सासूबाईंना रिपोर्ट कळला नाही, काटा कळला. मालिशवाल्या मावशींनी श्रेय घेतलंय ते घेऊ दे. लसीचा प्रश्न आहे, वेगळा धागा काढते.